चौदा नंबरची प्लेट

दुपारचा डबा संपवून वैजू प्रयोगशाळेतल्या खुर्चीत पाठ टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. कसली पाच मिनिटं! चार महिने तिच्या डोळ्याला धड डोळा लागलेला नाही. उघड सांगण्यासारखं नाही, पण तुम्हाला सांगते: समोरच्या इनक्यूबेटरमधल्या चौदा नंबरच्या प्लेटमध्ये तिच्या धाकट्या भावाच्या, हृषीच्या पेशी आहेत. रक्ताच्या कर्करोगाच्या. तो गेला, त्या जगल्या. प्रयोग कधीच संपलाय, प्रयोगशाळेच्या मॅडमनी प्लेट टाकून द्यायला सांगितलंय. आणि ही बाई एक दिवसाआड गुपचूप तिच्यात थेंब सोडते.

झापड येते आणि समोर सांगलीच्या घरचं स्वयंपाकघर. हृषी ओट्यावर बसलाय, डोक्यावर केस पुन्हा दाट. मार्करचं टोपण चावतोय. लहानपणापासूनची खोड.

"वैजूताई, काय घालतेस गं त्यात?"

"सायटोकाइन."

"माणसाच्या भाषेत सांग."

"आजाराशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना हाक मारतात ना, या, वाढा म्हणून? ती हाक म्हणजे हे प्रथिन."

"आणि प्लेटमध्ये ती ऐकतं कोण?"

ओट्याची आता वॉर्डातली खाट झालीय. सलाईनची नळी त्याच्या मनगटातून निघून तिच्या पिपेटला जोडलेली. तिनेच मोजलंय, तिनेच आलेख काढलाय. ती हाक ऐकून कर्करोगाच्याच पेशी दुपटीने वाढतात. थेंब थांबले की तीन दिवसांत मरतात.

"म्हणजे मला ज्यांनी खाल्लं, त्यांना तू जेवू घालतेस."

"असं नको रे बोलू. तुझं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"ते मी नाही, वेडाबाई. मी किती बडबड करायचो! त्या एकदा तरी बोलल्या तुझ्याशी?"

तिला रडू आवरत नाही. "टाकल्या तर तू पुन्हा जाशील."

"पहिल्यांदा तरी कुठे जाऊ दिलंस?" तो हळूच म्हणतो.

वैजू दचकून उठते. तीन वाजलेत, गाल ओले आहेत. टेबलावर सकाळीच पाकिटातून काढलेला नवा मार्कर पडलाय. त्याचं टोपण चावून चपटं झालंय.

ती टोपण एप्रनच्या खिशात ठेवते. मग चौदा नंबरची प्लेट बाहेर काढते आणि पेशी मारणाऱ्या ब्लीचची बाटली उघडते.