लूम बंद असतानाची परीक्षा

नातीला शिकायला परदेशी जायचं, तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. मोठी परीक्षा ठाण्याच्या सेंटरात, छोटी घरी कॉम्प्युटरवर तासाभरात. कॉलेजला दोन्ही चालत होत्या. तिनं छोटी निवडली. पण अट अशी, की बाहेरचा आवाज आला तर परीक्षा रद्द. आणि आमच्या भिंतीपलीकडे लूम, दिवसरात्र खडखडणारे कापडाचे यंत्रमाग! म्हणून शुक्रवार धरला, भिवंडीत त्या दिवशी लूमला सुट्टी. एवढी शांतता, तरी पोरगी लूमवर मात करायच्या सवयीनं ओरडून ओरडूनच इंग्रजी बोलली.

शेजारीण दाराशी येऊन कुजबुजली, "काकी, कुणाशी भांडते ओ?"

"कॉम्प्युटरशी," मी म्हटलं.

पास झाली हो! सेंटरात असती, तर बाजूच्या पोरांची परीक्षा बुडाली असती.