विहिरीवरचं दुर्मीळ शेवाळ

आमच्या राजूरच्या विहिरीवरचं दुर्मीळ शेवाळ मी एकट्यानं शोधून काढलं, असा माझा पंधरा दिवस समज होता.

मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्तो. वडिलांना, म्हणजे दादांना, हे शास्त्र बिलकुल पसंत नव्हतं. "गवत आपल्या वावरात कमी हाय का? ते बघायला औरंगाबाद कशाला?" माझे सर गणपतीच्या दर्शनाला राजूरला येणारच होते. दादांनी अट घातली : सरांनी शेवाळ खरं म्हटलं तर शिक्षण चालू, न्हाई तर औत हाकायचं!

सर येणार त्या सकाळी विहिरीवर जाऊन बघतो तर खडक साफ! मंग मी जे केलं ते कोणत्याच शास्त्रात बसत न्हाई. न्हाणीमागचं हिरवंगार शेवाळ खरवडलं आणि खडकाला चिकटवलं. (शेणानं. दुसरं काय होतं?)

सरांनी भिंग लावलं. चिमूटभर बोटांत चोळलं. त्याचा पार लगदा झाला.

"हे साधं न्हाणीतलं शेवाळ. आणि याला शेणाचा वास का येतोय?"

दादा मिशीत हसले. "चला शास्त्रीबुवा, उद्यापासून औत!"

मान खाली घालून घरी आलो. सर पाय धुवायला मोरीकडे गेले आणि तिथंच उकिडवे बसले. माय तांब्या घासत होती. एका हातात राख, दुसऱ्या हातात माझं शेवाळ!

"माय! हे तू काढलंस?" मी किंचाळलो.

"मंग? पाहुणे येऊन राह्यलेत, काळ्या तांब्यात पानी देऊ का?"

"अगं, ते दुर्मीळ हाय!"

"मला सांगतो का? साऱ्या गावात त्या एकाच विहिरीवर येतं. दुसरं चोळलं की लगदा होतो, हे तारेवानी ताठ राहतं. सुकलं की मेल्यावानी दिसतं, पानी पडलं की पुन्हा फुलतं. मुळं तेवढी राखायची."

सर भराभरा वहीत लिहून घेत होते! "ओळखायची खूण हीच! बराबर हीच!"

दादा गडबडले. "मंग सर, पोराचं शिक्षण?"

"चालू द्या. पण ही सुट्टी त्यानं आईच्या हाताखाली काढावी."

आनंदाच्या भरात मी मायचे राखेनं भरलेले हातच धरले. तिनं लगेच माझ्या हातात एक पातेलं दिलं.

पुढं वनस्पतिशास्त्रात मी फार दिवे लावले न्हाईत. भांडी मात्र माझ्या हातची चकाचक निघतात, असं बायको चारचौघांत सांगते!