आडनावाचा अर्थ विचारणारे टर्नरसाहेब

टर्नरसाहेब आधी माणसाचं आडनाव विचारायचे आणि ते कळलं की लगेच दुसरा प्रश्न, "अर्थ काय त्याचा?" कुवेतमधल्या शुवैखच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्यातून कोणी सुटलं नाही. केरळचा स्टोअरकीपर, इजिप्तचा फोरमन, पाण्याच्या बाटल्या आणणारा ड्रायव्हर, सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या नावाचा विचार करायला लावलं. ज्याला अर्थ ठाऊक नसे त्याला म्हणत, "घरी फोन कर. आईला माहीत असेल." आणि चार दिवसांनी आठवणीनं विचारत, "आईशी बोललास का?"

ते मूळचे इंग्लंडचे. साठी ओलांडलेली, उंच, पाठीत जरासे वाकलेले. रिफायनरीतून दुरुस्तीला आलेल्या पंपांचे शाफ्ट आम्ही तयार करायचो आणि ते तपासून सही द्यायचं काम त्यांचं. मी तिथे प्रॉडक्शन इंजिनिअर होतो. ते रुजू झाले त्याच दिवशी गेटवरच्या नव्या क्लार्कनं त्यांच्या पासवर 'टर्नर' वाचलं आणि त्यांना सरळ लेथवरच्या कामगारांच्या रांगेत उभं केलं. क्लार्कचं तरी काय चुकलं? लेथ चालवणाऱ्याला सगळीकडे टर्नरच म्हणतात. साहेब अर्धा तास निमूट रांगेत उभे राहिले, बुटांचा जोड घेतला, हेल्मेट घेतलं आणि मी धावत पोचलो तेव्हा म्हणाले, "रागावू नकोस त्याला. आमच्या घराण्यात कित्येक पिढ्यांनंतर कोणीतरी योग्य रांगेत उभं राहिलंय."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी या नावाची हकिकत सांगितली होती. फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते इंग्लंडात आले, त्यांच्याबरोबर जे शब्द आले त्यातला हा एक. लाकूड फिरवत फिरवत छिलून त्याचे वाडगे, खुर्च्यांचे पाय घडवणारा तो टर्नर. दुसरेही अर्थ लोक लावतात. कोणी म्हणतं, घोड्यावर बसून भाल्यांचे सामने, म्हणजे 'टुर्नामेंट', खेळणाऱ्या सरदारांवरून नाव पडलं. कोणी म्हणतं, पळत्या सशालाही गाठून वळवणारा तो टर्नर. "माझ्या काकांना सरदारच हवा होता," साहेब डबा उघडत म्हणाले. "सगळ्यांनाच हवा असतो. पण त्या सरदाराच्या जेवणाचा वाडगा कोणीतरी घडवला असेलच ना? मी त्याच्या वंशातला."

मग त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "कोठारी. कोठार सांभाळणारा."

हे खोटं होतं. माझं आडनाव कातारी. कात म्हणजे लाकूड फिरवून घडवायचं यंत्र, त्यावर काम करणारा तो कातारी. माझे वडील, आबा, सिन्नरच्या बाजारात लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुळखुळे विकायला बसत. कॉलेजात मला मुलं "ए लाटणं" म्हणून हाक मारायची. कुवेतला आलो तर कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा मंदूब माझा पासपोर्ट वाचून मोठ्यानं हसला. "तुम कतरी है? कतारवाला इधर नौकरी क्यों करता है?" ऑफिसभर हशा पिकला. त्यानंतर कोणीतरी चुकून 'कोठारी' म्हणालं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. टेबलावरच्या पाटीवर, ईमेलमध्ये, सगळीकडे तेच झालं. नऊ वर्षं.

त्या हिवाळ्यात आबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे सालमियाला आले. समुद्र पाहिला, मॉल पाहिले, आणि आठ दिवसांत कंटाळले. "तुझा कारखाना दाखव की," म्हणाले. सुट्टीच्या दिवशी कोणी नसेल म्हणून मी त्यांना शुक्रवारी घेऊन गेलो. पण तातडीचं काम निघालं होतं. मोठ्या लेथवर शाफ्ट चढलेला आणि शेजारी टर्नरसाहेब उभे.

आबा लेथपाशी गेले आणि थबकलेच. पोलादाची लांब साल वेटोळी होऊन खाली पडत होती. "अरे संजू, हा तर आपला कात!" ते ओरडले. "एवढा मोठा, पण कातच की रे हा!" साहेबांनी हसून हात पुढे केला. आबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, आम्ही कातारी. माझा बाप कातारी, त्याचा बाप कातारी."

मी इंग्रजीत सांगितलं, "त्यांना मशीन फार आवडलंय."

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ओळखायला इंग्रजी कशाला यायला हवं? "कातारी म्हणालास का तू?" त्यांनी विचारलं. "मला कुठं ऐकू आलं नाही ते."

लेथ चालू होता. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"आमचं नाव सांगतायत, सर. आमचं नाव कातारी. कोठारी नाही."

"अच्छा. अर्थ काय त्याचा?"

"टर्नर," मी म्हणालो.

"हं, बोल," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हाक मारतोय.

"नाही सर. अर्थ टर्नर. कातारी म्हणजे टर्नर."

साहेबांनी आबांचा हात पुन्हा धरला, तळवा वर करून त्यावरचे घट्टे पाहिले आणि स्वतःचा गुळगुळीत तळवा शेजारी धरला. "यांना सांग," ते मला म्हणाले, "आमच्या घरात हे काम बंद पडून किती पिढ्या झाल्या, मला ठाऊक नाही. नाव तेवढं उरलं. नावानंही आणि कामानंही टर्नर असलेल्या माणसाला मी आज पहिल्यांदा भेटतोय." मी शब्द न् शब्द सांगितला. आबा लाजले. "माझं काय, लाटणी करतो झालं," एवढंच म्हणाले. परतताना गाडीत मात्र ते एकदम म्हणाले, "कोठारी कोण रे?" पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. विमान मिळून सिन्नरला पोचेपर्यंत थोरल्या भावानं सगळं उरकलं होतं. तेरावा करून परत आलो तर शुक्रवारी सकाळी टर्नरसाहेब दारात. अशा वेळी भेटायला जाताना काय बोलायचं हा सगळ्यांनाच प्रश्न पडतो. साहेब सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "त्यांनी काय काय घडवलं, सांग मला."

मी लाटण्यांपासून सुरुवात केली. लाखेच्या कांड्या फिरत्या लाकडावर टेकवून रंग कसा चढवतात ते सांगितलं. आबा पायानं पटाशी दाबून धरत, त्यांचा अंगठा एकदा कसा सोलला होता, इंजिनिअरिंगच्या पहिल्या फीसाठी त्यांनी पंधरा दिवसांत किती पाळणे केले होते, सगळं बाहेर आलं. मुग्धा, माझी मुलगी, बारा वर्षांची, येऊन माझ्याजवळ बसली. ती घरातही इंग्रजीच बोलते. "यू नेव्हर टोल्ड मी एनी ऑफ धिस," ती म्हणाली. खरंच होतं. बोलता बोलता मला रडू आलं. सिन्नरला आलं नव्हतं.

रविवारी ऑफिसात जाऊन मी मंदूबला म्हणालो, "पाटी बदलायची आहे. कातारी लिही. माझे वडील लाकडाचं काम करायचे, त्यावरून नाव आहे." तो म्हणाला, "अच्छा," आणि स्पेलिंग विचारलं. बस. नऊ वर्षं ज्याला घाबरलो ते अर्धा कप चहा संपायच्या आत होऊन गेलं. टर्नरसाहेबांनी नवी पाटी पाहिली आणि शाफ्टची मापं विचारली. मी का लपवलं होतं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्याबद्दल त्यांचे जेवढे आभार मानावेत तेवढे थोडे.

वर्षभरानं त्यांचा करार संपला. निघताना मी पत्ता मागितला. "मुलीकडे राहणार, मग बघू कुठे ते," ते म्हणाले. "कळवीन." एक ईमेल आली, बागेतल्या सफरचंदाच्या झाडाबद्दल. पुढे माझ्या ईमेल परत यायला लागल्या.

मागच्या महिन्यात मुग्धा आणि मी संगणकावर त्यांना शोधायला बसलो. टर्नर हे तिकडचं फार प्रचलित नाव आहे हे मला माहीत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. पानामागून पान टर्नर. शिक्षक, नळदुरुस्तीवाले, डॉक्टर, कुठल्याशा गावचे महापौर, निधनाच्या बातम्यांतले टर्नर. त्या बातम्या मी भराभर पुढे ढकलत होतो. मुग्धानं माझा हात थांबवला, पुन्हा वर गेली आणि एकेक नाव सावकाश वाचू लागली.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "यातले आपले कोणते?"