सहादूची पंचवार्षिक योजना

सातपूरच्या त्या कारखान्यात प्रेसच्या खात्यात बोटं जायची, आणि इतकी जायची की चौकशी 'किती गेली' एवढ्यावरच थांबायची. पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, ठेवायचा, पायडल दाबायचं, वरून चाळीस टनांचा घाव. तुकडा ठेवायला लोखंडी चिमटा दिलेला असे. पण चिमट्याने दिवसाचा आकडा भरत नसे, म्हणून सगळे हातच घालत. साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांना आकड्याशी मतलब.

१९७४ साली सहादू तिथे लागला. राहायला नाशिक रोडला, बौद्ध वस्तीत. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकाने त्याच्या हातातला पेला हिसकावून पाणी ओतून दिलं आणि जातीवरून शिवी हासडली. सहादू उठायच्या आत शेजारच्या मशीनवरच्या पुंजाने त्या माणसाचं थोबाड टेबलावर असं आपटलं की नाकाचं हाड मोडलं. पुंजा मखमलाबादकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, आडदांड आणि तापट. या भानगडीत त्याला आठ दिवस घरी बसवलं. परत आल्यावर सहादूला म्हणाला, "रोज माझ्यासंगं जेवायचं. बघतो कोन उठवतं ते." तेव्हापासून दोघं एका डब्यात जेवत.

७६ साली कंपनीने मुंबईहून एक साहेब बोलावून कामगारांपुढे व्याख्यान ठेवलं. धंद्याची योजना कशी आखावी: पाच वर्षांनी कुठे पोचायचं, भांडवल काय, धोका कुठला, प्रतिस्पर्धी कोण, त्याची कमजोरी काय, आपली चाल काय. बाकीचे पंख्याखाली डुलक्या काढत होते. सहादूच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. आपणही एक कंपनीच की. घरी येऊन त्याने वहीत रकाने आखले. भांडवल: दहा बोटं. धोका: प्रेस. पाच वर्षांत: सेटर. सेटर नुसती डाय बसवून देतो, दिवसभर पायडलवर राबत नाही. म्हणजे बोटं शाबूत. बायकोला, भिमाबाईला, त्याने सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "धाच्या धा घेऊन घरी या म्हंजे झालं."

गडी राबला हे खरं. रात्रशाळेतून दहावी काढली, नकाशे वाचायला शिकला, दर रविवारी वही उघडून आपण कुठवर आलो ते पाहू लागला. पण सेटरची जागा एकच होती आणि ती पुंजाला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून ७८ साली सहादूने प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात लिहिलं: "पुंजा. हात उत्तम. कमजोरी: घाई. पायडलवर पाय ठेवूनच हात आत घालतो. बोटं जाणार. चाल: थांबणे." साहेबांनी शिकवलेला रकाना होता, त्याने तो भरला. भरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुंजाच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली.

७९च्या मार्चात सात नंबरच्या प्रेसने पुंजाच्या उजव्या हाताची चार बोटं घेतली. मशीनचा आवाज नेहमीसारखाच आला. पुंजा ओरडला तो नंतर. रक्त पत्र्यावरून ओघळत सहादूच्या चपलेपर्यंत आलं. सहादूनेच त्याचा हात फडक्यात आवळला, टेम्पोत घालून त्याला इस्पितळात नेलं, स्वतःचं रक्त दिलं. देताना तो ढसाढसा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. जूनमध्ये तो सेटर झाला. पुंजाच्या हाती कंपनीने झाडू दिला.

आणि मग सहादूने जी चूक केली, ती त्याच्यासारखा भाबडा हुशारच करू जाणे. आनंदाच्या भरात त्याने ती वही नेऊन मॅनेजरसाहेबांना दाखवली. साहेब हरखले. कामगार मेळाव्यात सगळ्या खात्याला समोर बसवून, कामगाराने कसं असावं याचा नमुना म्हणून, त्यांनी ती माईकवर वाचायला घेतली. सहादू पहिल्या रांगेत, छाती फुगवून. त्याला पुंजाचा तो रकाना आठवला तेव्हा साहेब त्या पानावर पोचले होते. त्या साहेबाला लाज नव्हती की अक्कल, कोण जाणे. "चाल: थांबणे" वाचताना त्यांनी कौतुकाने मान डोलावली. पाठीमागे झाडू धरून पुंजा उभा होता.

साहेबांची मोटार फाटकाबाहेर गेली आणि पाच-सहा जणांनी सहादूला केसांना धरून फरफटत खात्यात आणलं. बरगड्यांत लाथा, तोंडावर चपला. सहादूच्याच हाताखाली काम शिकलेल्या निवृत्तीने सात नंबर चालू केला. दोघांनी सहादूचा उजवा हात डायमध्ये दाबून धरला. पुंजाने पायडलवर पाय ठेवला.

"तुला वरीसभर दिसत व्हतं," पुंजा म्हणाला. "एका डब्यात जेवत व्हतास. मला का नाय बोललास?"

सहादूच्या तोंडातून रक्त गळत होतं. खोटं सुचलं असतं तर तो खोटं बोलला असता.

"बोललो असतो तर तू चिमटा घेतला असता," तो म्हणाला. "मग सेटर तू झाला असता."

 पुंजाने पायडलवरचा पाय काढून घेतला आणि हात सोडायला सांगितलं. मग डाव्या हाताने, कारण उजव्याची मूठ वळत नव्हती, सहादूचा जबडा फोडला. सहादूने तोंड झाकलं नाही.

पोलिसांना त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही. जबडा तारेने बांधून दीड महिन्याने तो कामावर आला. सेटरची जागा होती तिथेच होती. पुंजा मात्र नोकरी सोडून गेला होता. सहादूला आता एकच ध्यास लागला. मशीनमशीनवर जाऊन तो लोकांच्या हातात चिमटे देई. लोक ते त्याच्या अंगावर फेकत. "तू सांगतोस म्हंजे त्यात तुझं काहीतरी आसंल," असं तोंडावर म्हणत आणि त्याच्यादेखत मुद्दाम हात आत घालत. एकदा त्याने एकाच्या कानाखाली वाजवली, तर दोघांनी मिळून त्याला बदडलं.

८४च्या दिवाळीआधी आकड्याची घाई चालली होती. निवृत्ती पायडलवर पाय ठेवूनच हात घालत होता. सहादू चिमटा घेऊन त्याच्यासमोर गेला.

"घे रे बाबा. तुझ्या पाया पडतो."

निवृत्ती हसला आणि त्याच्याकडे बघतच त्याने हात आत घातला. घाव पडला. सहादूने झडप घालून त्याचं मनगट धरलं, सदरा फाडून दोन बोटांच्या जागी आवळला, टेम्पोसाठी ओरडला. निवृत्ती पांढराफटक पडला होता. शुद्ध हरपायच्या आधी त्याने सहादूकडे पाहून विचारलं, "आता कोनती जागा पायजे तुला?"