आधी चव कोणी घ्यायची

मी ओमानला निघाले त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत पोहे, गूळ आणि भाजलेले चणे कोंबले. मी म्हटलं, अगं, विमान तीन तासांत पोचतं आणि तुझ्या जावयाने, प्रकाशने, तिकडे फ्रीज भरून ठेवलाय. पण ऐकेल ती आई कसली. गुहागरजवळच्या आमच्या घराच्या पायरीवर उभं राहून तिने माझ्या हातावर दही ठेवलं आणि मी ज्याची वाटच बघत होते ते बोलली, "धोंडूसारखं करू नको हो. जेवलीस की नाही एवढं तरी कळवत जा."

धोंडू म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. दीडएकशे वर्षांपूर्वी तो मुंबईला गेला, तिथल्या मजूरभरतीच्या सरकारी डेपोत नाव घातलं आणि बोटीत बसून मोरसला, म्हणजे मॉरिशसला, उसाच्या मळ्यात गेला. पुढे त्याची ना चिठ्ठी ना चपाटी. घरच्यांनी काही वर्षं वाट पाहिली आणि मग पितृपक्षात त्याचंही पान ठेवायला सुरुवात केली. ते पान आमच्याकडे अजून ठेवलं जातं. आई या घरात सून म्हणून आली, धोंडूला तिने काय तिच्या सासऱ्यानेही पाहिलेलं नाही, तरी पानावर भात वाढताना तिचा जीव तुटायचा. बोटीत त्याला कोणी जेवायला घातलं असेल का, हा एकच प्रश्न तिला पडायचा. मी शाळेत असल्यापासून तो ऐकत आले आहे.

त्यामुळे ओमानमध्ये सीबच्या आमच्या फ्लॅटमध्ये संसार लागल्यावर, प्रकाश सर्व्हेच्या कामाला साइटवर गेला की मी त्या जुन्या बोटींबद्दल मिळेल ते वाचू लागले. आईला उत्तर द्यायचं होतं ना. वाचून थक्क झाले. सरकारच्या देखरेखीखाली जाणाऱ्या माणसांसाठी बोटीवर काय काय नियम होते! निघण्याआधी डॉक्टरची तपासणी, प्रत्येकाला घोंगडी, थाळी, लोटा. सगळ्यांना चालेल अशा जातीचा आचारी. मन रमावं म्हणून ढोलसुद्धा. समुद्र खवळला आणि चूल पेटवता आली नाही तर द्यायला कोरडा शिधा, त्यात चक्क पोहे आणि चणे. डॉक्टरला जिवंत उतरवलेल्या प्रत्येक माणसामागे बक्षिसी, आणि रोज शिजलेलं अन्न वाढण्याआधी त्याने स्वतः तपासायचं, चाखायचं. अर्थात कागदावर सगळंच छान असतं. रोगराई, बोटीचा कोंदट तळ, पाण्याची मारामार, वाटेत समुद्रात सोडलेली माणसं, हेही त्याच पुस्तकांत होतं. मी आईला फोनवर फक्त पोह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "पोहे भिजवायला पाणी तरी दिलं असेल का गो?"

माझं शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं. वर्षभराने जवळच्या बरका गावात कामगारांच्या एका मोठ्या कॅम्पच्या किचनमध्ये सुपरवायझरची नोकरी मिळाली. आपल्या कोकणातले, बिहारचे, बंगालचे, पाकिस्तानातले शेकडो पुरुष तिथे राहायचे, आणि त्यांच्या जेवणावर देखरेख करायला मी एकटी बाई. हेडकुक करीमभाई मलबारचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची कढई मोजायला आलेय. खोटं कशाला बोलू, मी मोजलीही. मवालेहच्या मंडईतून आलेली भाजी मी उलटून पालटून बघायची, फ्रीजरचं तापमान लिहायची, डाळीत थर्मामीटर बुडवायची. फक्त एक गोष्ट करायची नाही. चव घ्यायची नाही.

कारण आमच्या घरात नैवेद्याआधी कोणी काही चाखत नाही. आई मीठ वासावरून आणि आमटीच्या रंगावरून ओळखते आणि तिचं कधी चुकत नाही. चमचा तोंडाकडे गेला की "उष्टं करू नको" हे ठरलेलं. ते हाताला इतकं लागून गेलं होतं की मी चाखत नाही हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. करीमभाई चाखायचे, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

मग रमजान आला. करीमभाईंचा रोजा. एका दुपारी त्यांनी डाळीत मीठ घातलं, रिकामा झालेला मिठाचा डबा पुन्हा भरून जागेवर ठेवला आणि नमाजाला गेले. मी आले, काठोकाठ भरलेला डबा पाहिला आणि म्हटलं, मीठ राहिलंच की. घातलं. त्यांना चाखता येत नव्हतं, मला चाखायचं सुचत नव्हतं. दोघंही आपापल्या जागी अगदी धर्माने वागलो.

संध्याकाळी अजान झाली, खजूर आणि लबान, म्हणजे ताक, झालं, आणि दिवसभर उन्हात राबलेल्या माणसांनी डाळभाताचा पहिला घास घेतला. हात थाळीतच थांबले. माझ्या समोरच्या बाकावरचा एक बिहारी गवंडी, वयाने माझ्या वडलांएवढा, थाळी बाजूला सारून अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आज दाल में पूरा समंदर है." त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी दह्याच्या बादल्या काढल्या, ब्रेड मागवले, पण निम्मी माणसं तशीच उठून खोल्यांवर गेली.

दुसऱ्या दिवशी कॅम्पचा मालक सालिम आला. सगळे त्याला अर्बाब म्हणायचे. भला माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नव्हता. तक्रारी आधीपासून होत्या, त्यात ही डाळ. त्याने स्पष्टच सांगितलं, ईदपर्यंत जेवण सुधारलं तर ठीक, नाही तर खलास, किचन दुसऱ्या कंपनीला. म्हणजे करीमभाईंपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे व्हिसा गेले. करीमभाईंच्या तीन मुली शिकत होत्या. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्यानेच मला जास्त रडू आलं.

त्या रात्री मला धोंडूच्या बोटीवरचा तो डॉक्टर आठवला. सकाळी मी करीमभाईंना आणि अर्बाबला समोरासमोर बसवून सांगितलं की आजपासून वाढण्याआधी जबाबदार माणूस हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्याच पातेल्यातलं जेवणार, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय डाव कोणी उचलायचा नाही. रमजानात तो माणूस मी. अर्बाब म्हणाला, ठीक आहे, बघू, इन्शाल्ला. मी म्हटलं, बघू नका, तुम्हीही या. प्रकाशला हे सांगितलं तेव्हा त्याने डोक्यालाच हात लावला.

किचनमध्ये पातेल्यापाशी चमचा हातात घेतला आणि माझा हात तोंडाकडे जाईना. हसाल तुम्ही, पण कानात आईचा आवाज. म्हणून मी तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, आई, मला रोज आधी चाखावं लागणार आहे, शेकडो माणसांच्या जेवणाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "आणि देवाला काय दाखवशील?" मी म्हटलं, इथे नैवेद्य नाही गं, भुकेली माणसं आहेत. तिने फोन ठेवला. मी डोळे मिटले आणि डाळ जिभेवर घेतली. बरी होती. संध्याकाळी हॉलमध्येही तसंच केलं. सगळे टकामका बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खाल्लं.

रोज खाल्लं. ईदच्या आधी एका संध्याकाळी अर्बाब खरंच आला, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत त्या बिहारी गवंड्याशेजारी बाकावर बसला आणि मी मान डोलावेपर्यंत खजुराची बी हातात धरून थांबला. थाळी साफ केली. जाताना करीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, यल्ला, चला, आता ईदच्या बिर्याणीचं बघा. किचन राहिलं. व्हिसा राहिले. करीमभाईंनी भांडी घासायच्या जागी उभं राहून डोळे पुसले आणि मी माझे लपवलेसुद्धा नाहीत. आज त्या मालकाच्या सगळ्या कॅम्पांत हाच नियम आहे आणि सगळी किचनं माझ्या हाताखाली आहेत. सांगायला मला जराही लाज वाटत नाही.

आई यायला मात्र तयार नव्हती. समुद्रापलीकडे नको म्हणायची. गेल्या थंडीत शेवटी आली, पुन्हा पोहे, गूळ, चणे घेऊन. मी तिला बरक्याला नेलं. जेवणाची वेळ झाली होती. करीमभाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुसली, मी सवयीने चमचा उचलला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. जन्मात नैवेद्याआधी शीतसुद्धा तोंडात न टाकलेली माझी आई. तिने तळहात पुढे केला, त्यावर डाळ ओतून घेतली आणि चाखली. करीमभाई डाव हातात धरून उभे.

"मीठ कमी आहे हो, भाऊ," ती म्हणाली.

समोरच्या बाकावरच्या एकाने हसत खिशातली मिठाची पुडी दाखवली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. त्या रमजानपासून आमचे हात भीतीने आखडले होते आणि माणसं बिचारी खिशातल्या पुडीतून मीठ घेऊन गुपचूप जेवत होती. मला कोण सांगणार? करीमभाई खो खो हसत मिठाचा डबा घेऊन आले, आणि त्या दिवशी वाढप्यांना तिसऱ्यांदा डाळ आणावी लागली. आई हॉलभर फिरली, आपल्या मोडक्या हिंदीत "और लेव, पोटभर लेव" करत. गुहागरच्या बाजूचा एक पोरगा भेटला तर त्याच्याशेजारी बसून तिथेच जेवली.

दुसऱ्या दिवशी सीबच्या घरी मी आमटीत चमचा घातला तर तिने फाडकन हातावर मारलं. घरी उष्टं चालायचं नाही, कॅम्पात चाखल्याशिवाय वाढायचं नाही, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. माझं घर कुठलं, असं गावाकडून कोणी विचारलं की मी आता दोन्ही सांगते. जिथे माझा हात अडवतात ते, आणि जिथे मी खाईपर्यंत सगळे थांबतात तेही.

आईने डाळ चाखली त्या दिवशी कॅम्पवरून परतताना बरक्याचा समुद्र उजाडल्यापासून प्रथमच शांत दिसत होता. आई काचेला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोप लागली. मग ती म्हणाली, "यंदा धोंडूचं पान नको गो ठेवायला."

मी गाडी हळू केली. म्हटलं, का गं?

"जेवला असेल तो."