मिलिंदची पिकअप विकायची नाहीये

मिलिंदची पिकअप विकायची नाहीये. विचारणं बंद करा.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हार्ट. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी.

तेव्हापासून त्याच्या बायकोला, सुजाताला, फुकटचे सल्ले चालू आहेत. "एवढी मोठी गाडी कशाला ठेवतेस?" "ते एअर सस्पेन्शन काढ, पहिल्यासारखे लोखंडी पाटे बसव. मग गिऱ्हाईक मिळेल."

पाटे बसणार नाहीत. का, ते एकदाच लिहिते.

मिलिंद आणि मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कार कंपनीत एकाच डिपार्टमेंटमध्ये. तो सस्पेन्शनवाला, मी ब्रेकच्या सिम्युलेशनवाली. ही जुनी पिकअप त्याने घेतली लोकांच्या उमत्सूगसाठी, म्हणजे घरबदलीसाठी. इथे घर बदलायचं म्हणजे कपाटं, सोफे आपणच उचलायचे.

नव्याने आलेल्या अर्ध्या मराठी मंडळींचे सोफे त्या गाडीतून गेलेत. आज "विकून टाक" म्हणणाऱ्यांचेसुद्धा.

मग भारतातून मिलिंदची आई आली. आमच्या काकू. गुडघे पार गेलेले, आणि गाडी ही उंच.

विमानतळावर मिलिंदने आणि मी काखेत हात घालून त्यांना सीटवर चढवलं. लोक बघत होते.

"मी काय पोतं आहे का रे?" काकू एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या घराबाहेर पडेनात. नवा डबल डोअरचा फ्रिज घ्यायला दुकानात चला म्हटलं तरी नाही.

सगळे म्हणाले, बुटकी गाडी घे. पायरी लाव. स्टूल ठेव.

मिलिंद पेटला.

"आईने जन्मभर वाकून शाळा झाडली. त्याच शाळेत मी शिकलो. आता ती स्टुलावर चढणार नाही. गाडी वाकेल."

मला वाटलं, बोलतोय. त्याने खरंच पाटे उतरवले.

चारी चाकांवर रबरी बलून, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी आणि डॅशबोर्डवर एक बटण. बटण दाबलं की हवा सुटणार, गाडी खाली बसणार. परत दाबलं की उठणार. मी टॉर्च धरून उभी. मला तोवर पाना सरळ धरता येत नव्हता.

आता ट्यूनिंगची गोष्ट. ही आठवली की मी आजही एकटी हसते.

भार टाकून डावी-उजवी बाजू सारखी करायची होती. वजनं आणायची कुठून? भीमजयंतीच्या जेवणासाठी इंडियन शॉपमधून तांदळाची पोती आणलेली होती. मिलिंदने तीच मागे रचली, हवा भरली, व्हॉल्व्ह बंद केला, मापं घेतली.

थोड्या वेळाने डाव्या बलूनचं प्रेशर उतरलेलं.

"लीक आहे," मिलिंद म्हणाला. साबणाचं पाणी करून सगळे जॉइंट भिजवले. एक बुडबुडा नाही.

परत मोजलं. अजून कमी. आणि गाडी डावीकडे चक्क वर आलेली!

"हवा कमी होतेय आणि गाडी वर येतेय? नेहा, हे शक्यच नाही." दोन इंजिनिअर गाडीखाली पाठीवर पडून एकमेकांना सूत्रं सांगतायत.

तेवढ्यात गाडीशेजारी सुजाताचे पाय दिसले. बाहेर येऊन बघतो तर हातात पातेलं. डावीकडच्या पोत्यातून तांदूळ काढत होती. सकाळपासून.

"अगं, काय करतेस!" मिलिंद ओरडला.

"मग? एवढ्या माणसांना भात काय तुझ्या हवेवर शिजवू?"

लीक स्वयंपाकघरात होतं.

त्या संध्याकाळी काकूंना खाली आणलं. मिलिंदने बटण दाबलं. फुस्स करून गाडी बसली. मिलिंद-सुजाताच्या लेकीला, मैत्रीला, मराठी समजतं पण ती बोलते जर्मन. ती टाळ्या पिटत ओरडली, "पापा, दास आउटो क्नीट!" गाडी गुडघ्यावर बसली!

काकूंनी एक पाय आत टाकला आणि बसल्या. कुणाचा हात न धरता. मिलिंद तोंड फिरवून साबणाची बादली आवरायला लागला. रडत होता. मी पाहिलं.

तो गेल्यावर हिवाळ्यात गाडी डावीकडे खरंच बसायला लागली. सल्लेवाल्यांना जोर आला. "बघ, म्हणून सांगत होतो."

मी आधी मागे तांदूळ नाहीत ना, ते बघितलं. मग साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली गेले. या वेळी बुडबुडे होते. पाइपाचं तोंड झिजलेलं. सरळ कापलं, परत बसवलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा पण. मग जमलं.

गाडीच्या सक्तीच्या तपासणीला प्रुफरने, म्हणजे तपासनिसाने, गाडी लिफ्टवर घेतली आणि खालून बराच वेळ बघत राहिला. सुजाताने माझा दंड घट्ट धरलेला. त्याने नापास केली असती तर पाटेच बसवावे लागले असते.

"एवढं सगळं कशासाठी?" त्याने विचारलं.

"हिच्या नवऱ्याने केलं. त्याच्या आईसाठी," मी म्हणाले.

"साउबर," तो म्हणाला. नीटस काम. "करतो का तो अजून असली कामं?"

मी दंडावरचा सुजाताचा हात सोडवून हातात धरला. गाडी पास झाली.

आज मिलिंदसाठी बुद्धवंदना होती. काकू त्यासाठीच भारतातून परत आल्यात. मी गाडी दारात लावून बटण दाबलं. त्या थकल्यात आता, म्हणून सवयीने मी आणि सुजाता पुढे झालो.

"सरका," काकू म्हणाल्या.

आणि बसल्या. पदर आवरला, समोर बघितलं.

"आता उचल गं गाडी."

उचलली.

तेव्हा परत सांगते, गाडी विकायची नाहीये. उमत्सूग असेल तर फोन करा. तांदूळ मात्र विचारून काढा.

मिलिंद, डावी-उजवी बाजू सारखी आहे. आई पुढच्या सीटवर आहेत.

तुझी फार आठवण येते रे. जय भीम.