कप्तानाची हाक

कप्तानाने मला कधी नावाने हाक मारली नाही. त्याच्या लेखी माणूस ज्या गावचा, तेच त्याचं नाव. मी किकवीचा म्हणून ‘किकवी’, दुसरा वरवे बुद्रुकचा म्हणून ‘वरवे’ आणि तिसरा पुण्यातच जन्मलेला, म्हणून ‘कोथरूड’. आमच्या मोबाईलच्या खेळात खेळाडू मोठी झोकदार नावं घेतात. आमचीही होती, जर्सीच्या पाठीवर इंग्रजीत छापलेली. कप्तानाच्या तोंडून ती एकदाही आली नाहीत. तो स्वतः वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा, पठारावरच्या धनगरवस्तीतला. घरी शेरडं-मेंढरं आणि चार गुरं.

खेळ साधा होता. चौघांनी मिळून एका मोठ्या नकाशात उतरायचं आणि बाकीचे संघ मरेपर्यंत आपण जिवंत राहायचं. हे आम्ही पगारावर करायचो. पुण्यातल्या एका हौशी मालकाने संघ काढला होता, कात्रजला फ्लॅट घेतला होता आणि शिकवायला एक सर ठेवले होते. किकवीत मी हे कुणाला सांगितलं की तो माणूस माझ्याकडे न बघता माझ्या वडिलांकडे बघायचा, आणि वडील हायवेवरून जाणाऱ्या ट्रककडे.

फ्लॅटवर कप्तानाचा एक दंडक होता. चौघं आल्याशिवाय ताटात भाजी पडायची नाही. कोथरूडला दुपारी दोनला उठायची सवय. त्याच्यापायी आम्ही कितीदा थंड पोळ्या खाल्ल्या. जिन्यात, सिग्नलला, हॉटेलात, कुठंही कप्तान मान वळवून माणसं बघून घ्यायचा. सर म्हणायचे, अरे, ही काय लहान मुलं आहेत का. त्यावर तो शांतपणे म्हणाला होता, “बिबट्या पुढच्याला नेत न्हाई सर. मागं राहिल्याला नेतो.”

खेळातही त्याने हेच आणलं. दुसऱ्या संघांचे कप्तान अखंड बडबडत असतात. आमचा गप्प असायचा आणि वेळ आली की शेरडांना घालतात ती हाक घालायचा. जीभ टाळूला लावून लांबलचक ‘हुर्रर्र’ आणि शेवटी दोनदा ‘यॅ, यॅ’. ती कानावर पडली की असाल तिथून निघायचं आणि त्याच्यापाशी यायचं. का ते विचारायचं नाही, मागे बघायचं नाही, हातातला नेम सोडून यायचं. पहिले काही दिवस आम्ही हसून लोळलो. मग आम्ही जिंकायला लागलो आणि हसायचं राहून गेलं. महिन्याभरात अशी गत झाली की हाक आधी पायांना कळायची आणि मग डोक्याला.

ह्या सगळ्याला कप्तानाच्या घरून एका सालाची मुदत होती. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला पठारावरून उतरू देताना सांगितलं होतं की एक साल दिलं; ते काम हाय का खेळ, मला दाखव, न्हाईतर काठी हातात घे. हंगामाची शेवटची फेरी एका मोठ्या सभागृहात, लोकांसमोर होणार होती. अण्णांना तिथे पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवायचं, एवढं एकच कप्तानाच्या मनात होतं. त्याने त्यांच्यासाठी नवा पटका आणून कपाटात ठेवला होता. मधूनच कपाट उघडून तो पटका बघायचा, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की मोजे शोधत असल्यासारखं करायचा.

मग करोना आला. सभागृह रद्द झालं, फ्लॅट रिकामा करायचा निरोप आला आणि ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन खेळावं असं ठरलं. कप्तान पटका पिशवीत घालून पठारावर गेला. वस्तीत नेटवर्क नव्हतं. वस्तीच्या वर, डोंगराच्या धारेवर एका हिरड्याखाली मात्र चांगलं यायचं. तो तिथे बसून खेळायला लागला. त्यात अण्णांना ताप भरला. कसला ताप ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून वस्तीच्या टोकाच्या खोपटात त्यांनी स्वतःला वेगळं काढून घेतलं. शेरडं-मेंढरं कप्तानाच्या अंगावर आली. त्याने त्यावर उपाय काढला तो असा की जनावरं धारेखालच्या उतारावर सोडायची आणि आपण हिरड्याखाली बसून सामना खेळायचा.

आमच्या सरावात तेव्हापासून घंटांचा आवाज असायचा. एका पाटीने, म्हणजे तरण्या शेळीने, त्याच्या इयरफोनची वायर चावून टाकली. दुकानं बंद, नवी आणणार कुठून. मग तो मोबाईल तसाच, माईक उघडा ठेवून खेळायचा. वारा, घंटा, मधूनच एखादं शिंकणं, सगळं आमच्या कानात. सर वैतागायचे. मला किकवीच्या गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसून ते ऐकायला फार बरं वाटायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसलेल्या त्या दिवसांत कुणीतरी आपल्या आसपास आहे असं वाटायचं.

अंतिम फेरीत कोण जाणार हे ठरवणारा सामना भर दुपारी होता. त्या दिवशी कप्तानाच्या समोरच्या डोंगराला सकाळपासून वणवा लागलेला. वारा पलीकडं हाय, हिकडं येत न्हाई, असं तो सुरुवातीलाच म्हणाला होता. आम्ही जन्मात खेळलो नव्हतो तसे खेळलो. शेवटी मोजकेच संघ उरले. आम्ही तिघं खेळातल्या एका पक्क्या घराच्या गच्चीवर, आणि कप्तान थोडा मागे, दगडाआड. त्याने फक्त “हलू नका” म्हटलं होतं. समोरचे मोकळ्या रानातून येणार आणि आम्ही वरून त्यांना टिपणार, इतकं ते सोपं होतं. सभागृह नव्हतं, तरी अण्णांची खुर्ची मला दिसायला लागली होती.

आणि हाक आली. हुर्रर्र, यॅ, यॅ.

आम्ही तिघांनीही गच्चीवरून उड्या टाकल्या. सर ओरडत होते, थांबा, कुठे चाललात, थांबा. कुणीच थांबलं नाही. मोकळ्या रानातून आम्ही कप्तानाच्या दिशेने पळत सुटलो आणि एकामागून एक आडवे झालो. मग माझ्या ध्यानात आलं की कप्तान खेळातल्या दगडाआड नुसता उभा आहे, हलत नाही, वळत नाही. त्यालाही कुणीतरी टिपलं. हंगाम संपला.

कानात मात्र आवाज चालूच होते. वाळल्या गवताचा तडतडाट, धावत येणाऱ्या घंटा, कप्तानाचा धापा टाकणारा श्वास आणि पुन्हा पुन्हा ती हाक. वारा फिरला होता. वणवा उताराला लागला होता आणि जनावरं मध्ये सापडली होती. मोबाईल तसाच खिशात कोंबून तो पळाला होता. आम्ही कुणीही आपला मोबाईल बंद केला नाही. सरांनीसुद्धा केला नाही. बऱ्याच वेळाने घंटा एका जागी गोळा झाल्या आणि कप्तान जनावरांना विचारावं तसं म्हणाला, “आली का रं समदी?”

“आलो कप्तान,” कोथरूड म्हणाला. तो रडत होता. मीही रडत होतो. आई जिन्यात येऊन विचारू लागली तेव्हा मी हरलो म्हणून रडतोय असं सांगितलं. ते काही खरं नव्हतं.

माईक बंद करायला एक बोट लागतं, हे पुढे मला पुष्कळांनी ऐकवलं. लागतं. पण दोन्ही हातांत खेळ आणि डोळ्यांसमोर आग असताना ते बोट कुठून आणायचं, ते कुणी सांगितलं नाही. मालकाने संघ मोडला. वरवेने घरची शेती धरली, कोथरूड पुन्हा कॉलेजात गेला, मी शिरवळला एका कंपनीत लागलो. कप्तान फोनवर कधी त्या दिवसाचं बोलला नाही. फक्त अण्णांचा ताप उतरला, एवढं त्याने कळवलं.

पावसाळा सरल्यावर मी गाडी काढली आणि पठारावर गेलो. अण्णा अंगणात घोंगडीवर बसले होते. नुकत्याच व्यालेल्या शेरडीचं करडू आमच्या संघाच्या जर्सीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलेलं होतं, आणि त्याच्या पाठीवर कप्तानाचं ते झोकदार नाव. नवा पटका खुंटीला होता, घडीसुद्धा न मोडलेला. कप्तान गुरं आणायला वर गेला होता. अण्णांनी मला पाणी दिलं आणि थेट विचारलं, “ह्यो तिकडं नेमकं काय करायचा?”

मी खेळ समजावायच्या भानगडीत पडलो नाही. त्या दुपारचं सांगितलं. आम्ही गच्चीवर होतो, जिंकत होतो, हाक आली आणि उड्या टाकल्या.

“मागं न बघताच आला तुमी?”

“व्हय अण्णा. तिघंबी.”

“मग कामच करत व्हता त्यो,” ते म्हणाले.

कप्तान आला तेव्हा त्यांनी खुंटीवरचा पटका काढला, त्याच्यादेखत डोक्याला बांधला आणि आणखी एक साल घे म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका संघाचं बोलावणं आलेलं होतंच. कप्तान मान खाली घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “दुसऱ्याची शेरडं माझ्या हाकंला कशी येतील, अण्णा?” आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या कळपात मी होतो, ह्याचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा जर्सी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

निघायला उशीर नको म्हणून मी चहाला नको म्हटलं आणि पायवाटेने उतरायला लागलो. गाडी खाली लावलेली होती, शेरडं चरत होती तिथंच. किल्ली हातात घेतली, तेवढ्यात वरून जनावरांना हाक आली. हुर्रर्र, यॅ, यॅ. मी काही ठरवलं नाही. भानावर आलो तेव्हा मी वळून निम्मी चढण चढून गेलो होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी शेरडं वर चालली होती.

कप्तान वाटेच्या वरच्या टोकाला उभा होता. त्याने नेहमीसारखी मान वळवून सगळ्यांना बघून घेतलं, शेवटी मला.

“आलाच हाईस किकवी,” तो म्हणाला, “तर आता च्या घिऊनच जा.”